लांब का?

मी घर सोडलं त्या दिवशी शेजारच्या काकांनी जिन्यातच विचारलं, "कुठे निघालीस गं?" आईने हातातली दह्याची वाटी सावरत त्यांना दटावलं. निघालेल्या माणसाला 'कुठे' विचारलं की काम होत नाही. विचारायचंच तर 'लांब का?' एवढंच विचारावं. माझ्या दोन ढाऊस बॅगा समोर दिसत असताना काकांनी निमूटपणे विचारलं, "लांब का?" मी म्हटलं, "जरा लांब. दुबईला." डोंबिवलीतला तो अख्खा जिना हसला आणि आईने माझ्या हातावर दही घातलं.

दुबईच्या जबल अली बंदरातल्या मालवाहतुकीच्या ऑफिसात माझी सरळ जीभ लगेच नडली. फोन उचलला की कंटेनर कुठेय, कधी सुटणार, उशीर का, असा माझा इंग्रजी भडिमार. माझी लेबनीज मॅनेजर एकदा म्हणाली की हबीबती, म्हणजे लाडके, तू पोलिसात शोभली असतीस. मग तिने 'कुड यू टेल मी' आणि 'आय वॉज वंडरिंग' शिकवलं. बाकीच्यांनी ती वाक्यं घोकली. मला घोकावी लागली नाहीत, कारण प्रश्नाला वळसा कसा घालायचा हे आमच्या उंबरठ्यावर शिकूनच मी आले होते. आज ऑफिसात कुणी तिरसट गिऱ्हाईक असेल तर फोन माझ्याकडेच येतो, आणि मला त्याचा तोरा आहे.

पण तीच सवय घरी नडली. बाबा गेले, आई एकटी पडली. माझं लग्न झालं होतं, लेक झाला होता आणि आम्ही तोवर अबुधाबीत अल रीम आयलंडवर राहायला आलो होतो. तिने आमच्याकडे कायमचं यावं एवढीच माझी इच्छा होती. दर रविवारी फोनवर मी विचारायचे, तुला जमेल का, तुझी हरकत नसेल तर विचार करशील का. ती म्हणायची, "बघू." तिला यायचंच नाही, असं मी धरून चालले होते.

गेल्या दिवाळीत घरी गेले तेव्हा पुन्हा तेच विचारलं. आईने लाटणं खाली ठेवलं.

"पाहुण्याला विचारल्यासारखं काय विचारतेस? लेकीकडे राहायचं म्हणजे आधीच जिवावर येतं. 'चल' म्हणाली असतीस तर मी कधीच आले असते."

मला रडू आलं आणि स्वतःचा रागही आला. मी म्हटलं, "चल."

तुम्ही मागे राहिलेले असा की माझ्यासारखे निघालेले, एवढं ऐका: बाहेरच्यांशी जपून बोला, आपल्या माणसाला हक्काने बोलवा.

आता सकाळी मी गाडीची किल्ली उचलली की लेक ओरडतो, "मम्मा, व्हेअर आर यू गोइंग?" आई त्याला तिथेच अडवते. मग तो आपल्या मोडक्या मराठीत विचारतो, "लांब का?"

जबल अलीला पोचायला मला तास लागतो.

"नाही रे," मी म्हणते, "इथेच. येते हं."