एकशेचार आणि नऊ

कुठलीही निवडयादी हातात आली की फारुकी सर आधी न निवडलेल्यांची पानं वाचायचे. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर ते पत्र्याच्या शेडमधल्या कुटुंबांच्या याद्या टाइप करायला होते. सवय तिथलीच. म्हणायचे, "यादीत आलेला गप बसतो. सुटलेल्याला बघायला कोणी न्हाई."

पुढे लातुरात त्यांनी टाइपरायटर विकून कम्प्युटर क्लास काढला. आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला मी पहिला, बी.एस्सी. होऊन त्यांच्याकडेच शिकवायला लागलो. तेव्हा शहरात गल्लोगल्ली कोचिंग उघडत होतं. एका क्लासच्या मोफत बॅचच्या निवडपरीक्षेसाठी मी जावास्क्रिप्टमध्ये वेबपान लिहिलं. एका चौकटीत मार्क भरायचे, दुसरीत कटऑफ. पान निवड सांगणार. पेपर एकशेवीसचा, कटऑफ पंच्याऐंशी. सकाळी नावं भिंतीवर लागली. मी ऐटीत मार्कांसकट यादी सरांपुढे ठेवली.

सरांनी मागची पानं काढली. "मियाँ, रेणापूरची ही पोरगी. एकशेचार मार्क. हिला कामून काढलंस?"

मी म्हणालो, कम्प्युटर चुकत नसतो. सर हसले नाहीत. निवडलेल्यांचं पान काढून म्हणाले, "आन् हा निलंग्याचा नऊ मार्कवाला लई हुशार दिसून राहिलाय."

चौकटीत काहीही टाइप करा, जावास्क्रिप्टला ते मजकूर म्हणूनच मिळतं. दोन्हीकडे मजकूर, म्हणून त्यानं शब्दकोशासारखं पहिलं अक्षर पाहिलं. पंच्याऐंशीतल्या आठापुढे एकशेचारचा एक लहान, नऊ मोठा. मी तपासलं होतं ते दोन आकडी मार्कांवरच. सर म्हणाले, "चौकटीतून येतं ते अक्षर. आकडा तू करायचा, मग तुलना." दुरुस्ती दोन मिनिटांची होती; चुकलेली नावं ही दोनच निघाली.

पण भिंतीवर नाव नाही बघून मुलगी वडिलांसोबत स्टँडवर गेली होती. सरांनी मला स्कूटरवर घातलं. रेणापूरची गाडी लागलेलीच होती. कम्प्युटर बिघडला म्हणावंसं वाटलं, पण सर मागं उभे होते. हिची निवड झालीय, चूक माझी, एवढंच म्हणालो. वडिलांच्या आधी मुलगीच खाली उतरली.

परतताना मला हलकं वाटत होतं. सरांनी विचारलं, "आन् निलंगा?"

त्या मुलाचे वडील सकाळीच पेढे देऊन गेले होते. मी म्हणालो, फोन करतो.

"खुशखबर परत घ्यायची तर जाऊन घ्यावी. फोनवर न्हाई."

दुसऱ्या दिवशी निलंग्याला गेलो. या वेळी सर आले नाहीत. दार त्या मुलानंच उघडलं. मला बघून हळूच म्हणाला, "मला ठाव होतं, सर. पण अप्पांना तुम्हीच सांगा."

मी चपला काढून आत गेलो.