ज्याची झेंडी, त्यानंच काढायची

आमच्या यार्डातल्या इंजिनाच्या ड्रायव्हरचं एक ठाम मत होतं. बाईच्या झेंडीवर गाडी हलवली की ती रुळावरून उतरते. कधी उतरली, कुठं उतरली, असं विचारायची सोय नव्हती. विचारलं की ते हातातला तंबाखू-सुपारीचा खर्रा जोरात घोटायला लागत आणि म्हणत, "तुमी कालच्या आल्या. तुमाले काय माहीत?"

मी कालची नव्हते. सेलूहून रोज सकाळी डबा घेऊन निघायचे, रीतसर शिकून कामाला लागले होते. वर्ध्याबाहेरच्या एका खासगी कंपनीचं हे यार्ड. इथं सिमेंट आणि खत उतरतं, सोयाबीनची ढेप, म्हणजे पेंड, चढते. मालगाडीचे डबे जोडायचे, सोडायचे आणि झेंडी दाखवून इंजिनाला पुढं-मागं घ्यायचं, हे माझं काम. इंजिन मागून डबे ढकलत असलं की ड्रायव्हरला पुढचं काही दिसत नाही. तिकडं रूळ मोकळा आहे का, कोणी माणूस आहे का, हे झेंडीवाला बघतो आणि ड्रायव्हर झेंडीकडं बघतो.

पण आमचे काकाजी, म्हणजे हे ड्रायव्हर, माझ्या झेंडीकडं बघायलाच तयार नव्हते. मग तोड निघाली. एक म्हातारे झेंडीवाले होते, सगळे त्यांना मामाजी म्हणायचे. मी हिरवी झेंडी दाखवायची, माझ्या शेजारी उभं राहून मामाजींनीही हिरवी दाखवायची, आणि मामाजींची बघून काकाजींनी गाडी हलवायची. मी थांबवली की मामाजी थांबवत, मग काकाजी थांबत. गंमत अशी की मामाजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना डबे सोडा, समोरचं इंजिनही धड दिसत नव्हतं. "पोरी, जरा मोठ्यानं हात हालव वो, मले तुहा हात दिसत नाई," असं ते मला म्हणायचे. आणि काकाजी सांगत फिरायचे, "मामाजीची नजर म्हणजे घारीची!"

मला हसू यायचं आणि संतापही यायचा. कारण यार्डाच्या साहेबांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "एका झेंडीला दोन माणसं मला परवडत नाहीत. महिनाअखेरपर्यंत ड्रायव्हर तुमच्या झेंडीवर चालला तर ठीक, नाही तर तुम्ही काट्यावर बसा." काटा म्हणजे ट्रकचं वजन करायची पत्र्याची खोली. दिवसभर ट्रकवाल्यांच्या चिठ्ठ्या फाडायच्या. मला नको होता तो काटा. माझा हात वर गेला की एवढी मोठी मालगाडी हलते, खाली आला की थांबते, याचं मला वेड लागलं होतं. घरी माझं शेळीसुद्धा ऐकत नाही हो!

महिना संपत आला आणि मामाजी मोतीबिंदू काढायला सावंगीच्या दवाखान्यात भरती झाले. साहेब म्हणाले, "आज बाईंच्या झेंडीवर चालवा."

"जमत नाई, साहेब," काकाजी म्हणाले. "आज तर बिलकुल नाई. संध्याकाळी पोट्टीले पाहाले पाहुणे येऊन राह्यले. आजच्या दिवशी अपशकून नको."

साहेब फोन कानाला लावून निघून गेले. काकाजींना मात्र घाई होती. खताचे डबे माल उतरवायच्या धक्क्याला लावल्याशिवाय त्यांची सुट्टी होणार नव्हती, आणि पाहुण्यांच्या आधी पवनारला घरी पोचायचं होतं. त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि हायड्रावाल्याला हाक मारली. हायड्रा म्हणजे आमची पिवळी क्रेन. ती चालवणारा पोरगा भला, पण झेंडीचं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. "तू दाखव रे झेंडी," काकाजी म्हणाले. त्याची लायकी एवढीच की तो पुरुष होता!

माय वो! माझं डोकंच फिरलं. पण डबे जोडायचे बाकी होते, ते माझंच काम. मी माझी लाल झेंडी इंजिनाच्या दांड्याला, बरोबर काकाजींच्या खिडकीखाली खोचली आणि डब्यांच्या मधात शिरले.

ही लाल झेंडी म्हणजे, माणूस आत आहे, गाडी हलवायची नाही. आणि ज्यानं लावली, त्यानंच ती काढायची. बाकी कोणी हात लावायचा नाही, साहेबानं सुद्धा. हा नियम नव्या माणसाला शिकवायचे कोण, तर काकाजीच. त्यांच्या उमेदीत कोणीतरी दुसऱ्याची झेंडी काढली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत एकाचा पाय गेला. ते सांगताना त्यांचा खर्राही घोटायचा राहायचा.

मी कपलिंग अडकवलं, हवेचे पाईप जोडले, बाहेर आले. जेवायची सुट्टी झालीच होती. झेंडी तशीच ठेवली आणि लिंबाखाली जाऊन डबा उघडला. भाकर, वांग्याची भाजी आणि ठेचा.

हायड्रावाला हिरवी झेंडी घेऊन नवरदेवासारखा उभा होता. काकाजींनी भोंगा वाजवला. मी घास घेतला. त्यांनी पुन्हा वाजवला. मी कांदा फोडला.

"ओ बाई! झेंडी काढा ना वो!"

"जेवून राह्यली, काकाजी."

"मले पाहुणे येऊन राह्यले!"

"मंग जा ना. हायड्रावाला भाऊ उभाच आहे झेंडी घेऊन."

"तुमची लाल लागून आहे ना इथं!"

"बाईचीच झेंडी आहे ती. काढून फेका."

काकाजींचा हात खिडकीबाहेर आला. झेंडी त्यांच्या हातभर अंतरावर होती. माझा घास तोंडातच राहिला. त्यांनी जर ती खरंच काढली असती तर माझं काटाघर पक्कं होतं. पण हात तसाच आत गेला.

"लाल आहे ना वो ते," ते खालच्या आवाजात म्हणाले.

"म्हणजे माही लाल चालते. मंग हिरवी काऊन नाई चालत?"

हायड्रावाला फिसकन हसला. तेवढ्यात साहेब आलेच. "गाडी का उभी आहे?" काकाजी टोपी काढून डोकं खाजवायला लागले. नाक दाबलं की तोंड उघडतं, ते असं. "बाईंची झेंडी लागून आहे, साहेब."

"म्हणजे त्यांची झेंडी तुम्ही मानता?"

काकाजींनी माझ्याकडं बघितलं, हायड्रावाल्याकडं बघितलं, मग घड्याळाकडं. "हाव जी," ते म्हणाले. "दाखवा म्हणा हिरवी."

मी हात धुतले. लाल झेंडी काढली, हायड्रावाल्याकडून हिरवी घेतली आणि डब्यांच्या पार टोकाला जाऊन उभी राहिले. तोंडानं एवढी टुरटुर केली होती, पण आता मी रूळ दोनदा निरखून बघितला. गाडी हलली नाही तर? खरंच रुळावरून उतरली तर? मी झेंडी उचलली. डब्यांच्या साखळ्या एकामागून एक खडखडल्या आणि गाडी माझ्याकडं सरकू लागली. हळू, आणखी हळू, बस्स! धक्क्याला डबे असे नेमके लागले की माल उतरवायला मांडलेल्या फळ्याही हमालांना सरकवाव्या लागल्या नाहीत. काकाजी इंजिन बंद करून पवनारला पळाले.

दुसऱ्या दिवशी ते तोंड पाडून आले. हातात गोरसपाकाचा, म्हणजे आमच्या वर्ध्याच्या खुसखुशीत बिस्किटांचा, डबा होता, तो माझ्यापुढं धरला.

"पाहुण्यांसाठी आणला होता. त्यांनी हातही नाई लावला. स्थळ गेलं."

मी चरकले. "काऊन?"

"पोट्टी सावंगीले नर्स आहे ना. ते म्हणाले, लग्नानंतर नोकरी सोडावी लागन. पोट्टी पोह्याची ताटली घेऊन उभी, तिथंच म्हणाली, नाई सोडणार. सगळे माह्याकडं पाहून राह्यले. पोराचा मामा म्हणे, तुमी समजवा तिले."

"मंग तुमी समजवलं?"

"समजवणारच होतो. पण तोंडातून भलतंच निघून गेलं. म्हटलं, झेंडी तिनं लावली, तिनंच काढली तर निघन. त्याइले काही समजलं नाई. चहा घेतला अन् चालले गेले." ते इंजिनाच्या पायरीवर चढले. "रातभर घरची बोलून राह्यली मले."

"अन् तुमाले नाई आला राग पोट्टीचा?"

"आला ना," काकाजी खिडकीत बसत म्हणाले. "पण लाल होती ना वो."