परत आलेला कांदा आणि मारुतीचा नारळ

खानावळ चालवणाऱ्या बाईकडे उष्टी ताटं आणि किस्से, दोन्हींचा ढीग साचतो. ताटं निदान घासून संपतात तरी! नव्वदच्या दशकात सुरतेत, उधन्याला, आमच्या दोन खोल्यांत पंचविशीतले खानदेशी गडी जेवायला यायचे. सगळे कापडाच्या मागावर काम करणारे, बहुतेक बिनलग्नाचे. मी चाळिशी ओलांडलेली, सगळ्यांची मावशी. कंबर तेव्हाच गेलेली.

एकदा काय झालं, ताटातला कांदा परत यायला लागला. मग लसणाची चटणी. मग ठेचा! खानदेशी माणूस ठेचा परत करतो म्हणजे करणारीनं आता चूल सोडावी. मी मसाला पुन्हा भाजला, पुन्हा दळून आणला, चक्कीवाल्याशी भांडले. शेवटी आमच्या ह्यांना चव बघायला लावली.

"नेहमीसारखंच आहे," म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात हेच काय ते कौतुक!

*

त्याच दिवसांत सुदाम नारळ आणायला लागला. सुदाम म्हणजे सगळ्यांत लाजाळू, नुकतंच लग्न ठरलेला. गल्लीतल्या मारुतीला नारळ फोडायचा आणि अर्धी वाटी मला द्यायचा. आज नारळ, परवा नारळ. मला काय, चटणीचं भागत होतं!

एक दिवस मीच पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाले, "शिका जरा! किती भक्ती आहे पोराची! सुदाम, उद्यापण आण रे!"

शेजारी बसलेल्या भिकनला असा ठसका लागला की दोघांनी पाठ चोळली. सुदाम भरल्या ताटावरून उठला.

*

हा भिकन तोंडाचा फाटका. हात धुताना म्हणाला, "मावशी, तुमचा मसाला बरोबर आहे. पुस्तक आलंय."

प्रवचनाला गेलेल्यांना फुकट वाटलेलं, पिवळ्या कव्हरचं. तरुणांना उपदेश. कांदा, लसूण, मिरची बंद, कारण त्यानं मन चळतं आणि माणूस एकट्यानं नको ते करतो.

"आणि नारळ?"

"सुदामनं मारुतीसमोर शपथ घेतलीय. मोडली की नारळ."

आणि मी बाई, उद्यापण आण म्हणून बसले होते!

*

भिकनकडून ते पुस्तक घेतलं आणि डाळ शिजेपर्यंत वाचून काढलं. हस्तमैथुन हा शब्द मला या वयात कुकरच्या शिट्ट्यांमध्ये कळला. महापाप, म्हणे. करणाऱ्याची लक्षणंही दिली होती. डोळे खोल जातात, कंबर धरते, विसरायला होतं, कशात मन लागत नाही, उगाच चिडचिड होते.

मी हादरले. सगळी लक्षणं माझी!

ह्यांना वाचून दाखवलं. कूस बदलत म्हणाले, "चपात्या कमी लाट."

*

पुस्तकात उपायही होता. पहाटे ब्रह्ममुहूर्तावर उठून थंड पाण्यानं अंघोळ! आता नाइट पाळीवाला त्या वेळी मागापुढं उभा. भिकन प्रवचनवाल्या महाराजांना विचारून आला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मन खंबीर असलं की वेळ मिळतो. मी म्हटलं, मन खंबीर आहे महाराज, शेठ सोडत नाही!"

एकाची कंबर दुखायची, तो डॉक्टरकडे गेला. डॉक्टर म्हणाला, बारा तास उभा राहतोस, दुसरं काय होणार? हा परत येऊन सांगतो, "मावशी, डॉक्टर कच्चा आहे. पुस्तकातलं काहीच माहीत नाही त्याला!"

*

हसून हसून दमलो होतो, तेवढ्यात सुदामनं मुलीच्या घरी लग्न मोडल्याचा निरोप पाठवला.

मी खडसावलं. त्यानं पिवळं पुस्तक उघडून एका ओळीवर बोट ठेवलं. अशा माणसाला मूल होत नाही, असं लिहिलं होतं.

"तिचा जन्म कशाला वाया घालवू, मावशी?" डोळे भरलेले. मी पुस्तकाला शिव्या घातल्या, पण शिव्यांनी त्याचं काय समाधान होणार?

दुसऱ्या दिवशी ऐन जेवणाच्या वेळी मुलीचे वडील सुरतेजवळच्या कडोदऱ्याहून आले. यांचंही आयुष्य मागावर गेलेलं. टोपी काढून माझ्यासमोर बसले.

"बहीण, खरं सांग. पोऱ्या दारू पितो?"

"नाही हो."

"दुसरी बाई शे का?"

"छे!"

"मग मन्ही पोरमा काय खोट शे?"

सुदामची मान ताटात. सगळ्यांचे घास हातात. मला ते तोंडानं सांगवेना. मी हळदीचे डाग पडलेलं पुस्तक त्यांच्यापुढं सरकवलं आणि त्याच ओळीवर बोट ठेवलं.

त्यांनी चष्मा लावला. सावकाश वाचलं. पान उलटून कव्हर बघितलं.

"आमना टाइमले हिरवं व्हतं," म्हणाले. "मी बी कांदा सोडा व्हता."

चष्मा काढून खिशात ठेवत ते म्हणाले, "तुले देल पोर मन्ही पाचवी शे. तिना मांगे आखो दोन पोरं."

मग ताटातून मान वर न काढता सुदाम म्हणाला,

"मावशी, कांदा आहे का?"