सईचं वजन, झोळीचं माप

छातीएवढ्या पाण्यात उभं राहून मी क्लायंटला सांगितलं, "मॅडम, तुमचं बाळ जरा ओव्हरवेट आहे."

काठावर माझे बॉस फिरोजभाई उभे होते. त्यांनी डोळे मिटून घेतले. मला पोहता येत नाही, त्यामुळे बुडी मारून लपायचीही सोय नव्हती.

हा स्विमिंग पूल अबुधाबीजवळ खलिफा सिटीतल्या एका व्हिला कंपाउंडचा. मॅडम म्हणजे शर्वरी. आई-वडील पुण्याचे, ही वाढलेली इथेच. तान्ह्या बाळांना आणि त्यांच्या आयांना पाण्यात खेळवायचे क्लास घेते. मला पहिल्या मिनिटापासून 'काका' म्हणत होती. मी चौतीस वर्षांचा आहे. पण माझं कपाळ माझ्या पुढे निघून गेलंय, त्यामुळे तक्रार केली नाही.

तिला क्लाससाठी पाण्यात वापरायच्या झोळ्या हव्या होत्या. आमची कंपनी त्या विकते. झोळी म्हणजे दोन टोकांना बांधून बाळ निजवतात ती नव्हे. ही एका खांद्यावरून तिरपी घ्यायची, बाळ आपल्या पोटाशी बसतं. कापड जाळीचं असतं. त्याचं टोक दोन गोल कड्यांतून घालायचं आणि ओढायचं, की झोळी आवळते. साधी सुती झोळी पाण्यात नेली तर ती पाणी पिऊन जड होते, सुटायला बघते. जाळीतून पाणी निथळून जातं. आणि एक गोष्ट आम्ही प्रत्येक डेमोत पहिल्यांदा सांगतो: हे लाइफ जॅकेट नाही. बाळ यात तरंगत नाही. तुम्हाला एक हात मोकळा मिळतो, बाकी काही नाही.

हे सगळं मी पाठ केलं होतं. त्याआधीची माझी सगळी नोकरी बाथरूम फिटिंग्जमध्ये गेली. फिरोजभाईंनी बेबी डिव्हिजन काढलं, तेव्हा मला बोलावून म्हणाले, "सचिन, तुम अभी अभी बाप बने हो. तुमको आयडिया होगा."

आयडिया! पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून बायको केतकी कराडला. बारशाला गेलो, पेढे वाटले, रजा संपली, परत आलो. तेव्हा सई माझ्या तळहातापासून कोपरापर्यंत मावायची. माझ्या हातांना तेवढीच सई माहीत होती. त्यानंतरची सगळी फोनमध्ये.

फोन संध्याकाळी, दुबईच्या बर दुबई भागातल्या फ्लॅटवरून, आणि तोही स्पीकरवर. कारण खोलीत आम्ही चौघे. बाकी तिघांची मुलंही आपापल्या गावी. एकाचं पोर हसलं की चौघांनी ऐकायचं, असा नियम कधी पडला कुणाला ठाऊक नाही. पण पडला होता.

तर डेमोसाठी डमी लागते. डमी म्हणजे बाळाच्या वजनाची बाहुली. आमची डमी कस्टम्समध्ये अडकली होती. म्हटलं, आपणच करू. एक बेबी ड्रेस घेतला, आत प्लास्टिकच्या पिशव्यांत सील केलेली वाळू भरायची ठरवली. सहा महिन्यांच्या बाळाचं वजन किती धरायचं? कॅटलॉगमध्ये तक्ता होता. पण घरात सहा महिन्यांची मुलगी असताना तक्ता कोण बघतो? संध्याकाळच्या फोनवर सासूबाईंना विचारलं.

"काय भरणार हो वजन? असेल पाचेक किलो. बारीकच आहे पोर."

केतकी शेजारीच होती. ती काही बोलली नाही. मी पाच किलो वाळू भरली.

मग टेस्टिंगच्या नावाखाली रोज संध्याकाळी ती डमी झोळीत घालून मी बाल्कनीत फेऱ्या मारायला लागलो. झोळी खांद्याला काचते का, कड्या सरकतात का, हे बघायचं होतं. ते दोन दिवसांत बघून झालं. फेऱ्या चालूच राहिल्या. रूममेट जमील आतून विचारायचा, "सो गयी?"

मी म्हणायचो, "अभी नहीं."

थट्टाच होती. पण तो टीव्हीचा आवाज कमी करायचा.

खलिफा सिटीत डमीचा डेमो झकास झाला. शर्वरी खूश. म्हणाली, "काका, नाइस. पण ही डॉल आहे. ईशानला ठेवून बघू या?"

ईशान तिचा मुलगा, सहा महिन्यांचा, काठावर आजीच्या मांडीवर बसून स्वतःचा पाय खात होता. मी बेधडक हो म्हणालो. झोळी मी डमीच्या मापाने आवळून ठेवलेली. शर्वरी माझ्या शेजारी पाण्यात उभी राहिली आणि तिने ईशानला आत बसवायला घेतलं. तो बसेना. एक मांडी अडकली. कापड जेमतेम अर्ध्या पाठीपर्यंत पोचलं. कुठल्याही शहाण्या माणसाने कडीतून कापड सैल केलं असतं. मी दोष बाळात शोधला आणि ते वाक्य बोललो.

"एक्सक्यूज मी?" शर्वरीने ईशानला उचलून छातीशी घेतलं. "डॉक्टरनी लास्ट वीक चेक केलंय. पावणेआठ किलो. ही इज परफेक्ट."

"मॅडम, सहा महिन्यांचं बाळ पाच किलोचं असतं. माझी स्वतःची मुलगी सहा महिन्यांची आहे."

यावर ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिचा आवाज एकदम मऊ झाला.

"पाच? काका, प्रीमॅच्युअर होती का?"

"नाही."

"मग डॉक्टरला दाखवलंय ना? या एजला मुली सातच्या आसपास असतात. पाच म्हणजे... प्लीज, घरी फोन करा."

मी पाण्यातून कसा बाहेर आलो ते आठवत नाही. कॅटलॉगमधला मी न बघितलेला तक्ता मात्र आता डोळ्यांसमोरून हलेना. मुलगी सहा महिन्यांची, पोटाला काही मिळत नाही तिला, आणि तिचा बाप परदेशात वाळूला जोजवतोय. ओल्या हाताने फोन कानाला लावायची भीती वाटली, म्हणून स्पीकर लावला.

"आई, सईचं वजन किती आहे?"

"अगोबाई, सचिनराव! आत्ता ऑफिसच्या वेळेला?"

"वजन सांगा आधी."

"स्पीकरवर आहे का हो?"

"हो."

"मग पाचच."

"आई!"

"कोण कोण आहे तिथं?"

"बॉस आहेत, मॅडम आहेत, मॅडमची आई आहे."

"पाच," सासूबाई ठामपणे म्हणाल्या.

फिरोजभाईंना मराठी येत नाही. पण समोरचा माणूस खरा आकडा सांगत नाहीये, हे त्यांना कुठल्याही भाषेत कळतं. सेल्समध्ये आयुष्य गेलंय. त्यांनी खिशातला रुमाल पुढे केला. मी हात पुसले, स्पीकर बंद केला, लांब जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

"आता सांगा. कुणी ऐकत नाहीये."

"अहो, चांगली गुटगुटीत आहे! छान बाळसं धरलंय. पण तुमच्या खोलीत ते चार बापे. जरा काही सांगितलं की सगळे मिळून 'माशाल्ला, माशाल्ला'. इतक्या लांबून दृष्ट लागली तर काढायची कशी?"

माशाल्ला हे दृष्ट लागू नये म्हणूनच म्हणतात, हे समजावण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो. तेवढ्यात केतकीने फोन घेतला.

"सात किलो तीनशे. परवाच केलंय, डॉक्टरांच्या काट्यावर."

"मग तू का नाही बोललीस?"

"आईला सगळ्यांसमोर खोटं पाडू? आणि मला काय माहीत तू तेवढी वाळू मोजून भरणारेस!" मग म्हणाली, "अरे? ऐकतोयस ना?"

ऐकत होतो. दोन किलो तीनशे ग्रॅम. एवढी सई मी बाल्कनीत कधी उचललीच नव्हती.

परत आलो तेव्हा शर्वरी पायऱ्यांपाशी वाट बघत होती. "ऑल ओके?"

"सात तीनशे," मी म्हणालो. "सासूबाईंनी दृष्टीच्या भीतीने कमी करून सांगितलं."

ती हसली. खूप हसली. मग तिने ईशानला पुढे केलं. "घ्या काका. स्टार्ट अगेन. आणि प्लीज, लूज करा जरा."

मी कापड सैल केलं. ईशान असा बसला की जणू झोळी त्याच्यासाठीच शिवली होती. गुडघे बुडापेक्षा वर, पाठ मानेपर्यंत कापडात, हनुवटी छातीपासून सुटी, चेहरा पाण्याच्या वर आणि माझ्या नजरेसमोर. असंच हवं. त्याने माझ्या पोटावर दोन लाथा मारल्या आणि चष्मा ओढला.

आता एक धंद्यातली गोष्ट. पाण्यात बाळाचं वजन कळत नाही. झोळीचा खरा कस लागतो बाहेर पडताना. पायऱ्या चढायला लागलात की पाणी खाली राहतं आणि वजन तुमच्या अंगावर येतं. म्हणून आम्ही 'एक्झिट' वेगळी दाखवतो. एक हात कठड्याला, एक हात बाळाच्या बुडाखाली, सावकाश.

मी एक्झिट दाखवली. खालच्या पायरीवर ईशान हलका होता. मधल्या पायरीवर कापड खांद्यात रुतलं. वर आलो तेव्हा तो सगळाच्या सगळा माझ्या छातीवर आला. ओला, ऊबदार, वळवळणारा. वाळू वळवळत नाही.

"पुन्हा एकदा दाखवतो," मी म्हणालो.

"समजलं मला, काका."

"सेफ्टीचा पॉइंट आहे."

पुन्हा उतरलो, पुन्हा चढलो. मग डाव्या खांद्यावरून झोळी घेतली तर एक्झिट कशी करायची, ते दाखवलं. अगदी तशीच करायची असते. मग घाईत असलात तर कशी करायची ते दाखवलं. घाई करायचीच नसते.

"अरे सचिन, कितनी बार निकलेगा?" फिरोजभाई घड्याळ दाखवत म्हणाले. "यल्ला, खलास!"

शर्वरीने त्यांना हातानेच थांबवलं. माझ्याकडे न बघता, पाण्याकडे बघत म्हणाली, "मला लास्टवाली नीट नाही कळली, काका. अजून एकदा?"

ऑर्डर मिळाली. परतताना व्हॅनमध्ये फिरोजभाईंनी ऑर्डरचा कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "छुट्टी अप्लाय करो. इन्शाल्ला, देखेंगे." होईल तेव्हा होईल, नाहीतर नाही; इथे राहणाऱ्यांना या 'इन्शाल्ला'चं वजन वेगळं सांगायला नको.

रजा अजून मंजूर व्हायची आहे. सई दरम्यान रांगायला लागली, असं कळतं.

नव्या सेल्समनना ट्रेनिंग आता मीच देतो. त्यांना सांगतो, बाळ झोळीत बसत नसेल तर दोष झोळीत शोधा, बाळात नाही. आणि वजनाचा आकडा कुणाकडूनही ऐकून घेऊ नका. स्वतः उचलून बघा.