पाठीतलं लोखंड

साहेबांनी माझी कुंकवाची डबी टेबलावर उपडी केली.

आत कुंकू नव्हतं. लोखंडाचे तुकडे होते. काळे, तांदळाच्या कणीएवढे, काही त्याहून बारीक. माझ्या नवऱ्याच्या पाठीतून निघालेले. साहेबांनी पेन्सिलीच्या टोकानं ते इकडेतिकडे सारले आणि ह्यांना विचारलं, "फौज सोडल्यावर काय करत होतास?"

हे सावधानमध्ये उभे होते. समोरची खुर्ची रिकामी होती, पण बस म्हणून कुणी म्हटलं नव्हतं. म्हणाले, "वागळे इस्टेटला होतो सर. वर्कशॉपमध्ये. लोखंड कातायच्या लेथ मशीनवर."

साहेबांनी बाजूच्या कारकुनाकडे बघितलं. कारकून आधीच हसायला तयार होता.

"मग प्रश्नच मिटला. हा लेथचा चुरा आहे," साहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "आणि बाई, कुंकवाच्या डबीत घालून आणलंत. नाटक छान बसवलंय तुम्ही."

कारकून हसला. साहेबांनी सॅनिटायझरची बाटली दाबली. एकदा. पुन्हा एकदा. हात चोळले. तुकड्यांना त्यांनी बोट लावलंच नव्हतं, पेन्सिल लावली होती. हात लागला होता तो फक्त माझ्या डबीला. माझ्या हातातून घेताना.

हे हात चोळणं मला नवीन नाही. गावी दुकानदार माझ्या आईच्या पदरात मीठ वरून टाकायचा. त्याचा हात पदराला लागू नये म्हणून. सांडलेलं मीठ आई वाकून गोळा करायची, मातीसकट. मी तिच्या शेजारी उभी असायचे. पुढं मला फौजेतला नवरा मिळाला तेव्हा वस्तीतल्या बायका म्हणाल्या, पोरगी सुटली. मलाही तसंच वाटलेलं. वर्दीतल्या माणसाच्या बायकोला कोण वरून मीठ टाकणार?

आणि हा साहेब तर फौजेतलाच. निवृत्त अधिकारी, वयानं ह्यांच्यापेक्षा लहान. माजी सैनिकांच्या अर्जांचं बघायला ठाण्याच्या त्या कचेरीत बसवलेला. कळव्याहून रिक्षात बसल्यापासून हे मला सांगत होते, "आपल्यातलाच माणूस आहे. त्याला समजेल." सकाळी ह्यांनी शर्टाला स्वतः इस्त्री केली. मेडल छातीला लावलं. बुटांना पॉलिश केलं, पण नाडी बांधायला वाकता येईना, ती मी बांधली. लग्नाला निघाल्यासारखे खूश होते. मेडल बघून साहेब म्हणाले, हे तर कारगिलला असलेल्या सगळ्यांनाच मिळालं होतं. मग त्याकडे त्यांनी पुन्हा बघितलं नाही.

जखम कारगिलच्या वेळची. ह्यांनी मला ती गोष्ट सगळी अशी एकदाच सांगितली. पोस्टवर तोफेचा गोळा पडला. शेजारच्या जवानाच्या पोटात लागलं, ह्यांच्या पाठीत. स्ट्रेचर एकच. त्यांच्यात रीतच अशी की ज्याला आपल्या पायावर उभं राहता येतं त्यानं स्ट्रेचरकडे बघायचंही नाही. ह्यांनी बघितलं नाही. नर्सिंग असिस्टंटनं वरचे मोठे तुकडे काढले, पट्टी आवळली आणि हे तिथंच राहिले. ज्याला स्ट्रेचर दिलं तो खाली पोचलाच नाही, वाटेत गेला. हे हॉस्पिटलात गेले नाहीत म्हणून नोंद झाली नाही. नोंद नाही, तर जखमही नाही.

नोकरी संपताना मेडिकल झालं. डॉक्टरनं विचारलं, काही तक्रार? हे म्हणाले, "नो कम्प्लेंट सर." सगळेच तसं म्हणतात म्हणे. तक्रार सांगितली की थांबवून ठेवतात, आणि इकडे घरी यायचा दिवस ठरलेला असतो. शिवाय तक्रार करणारा जवान म्हणजे त्यांच्या लेखी रडका. माझ्या बापानं मला रडकी म्हटलेलं चालायचं, पण ह्यांना रडका म्हटलेलं चाललं नसतं.

घरी आले आणि ह्यांची पाठ माझ्या ताब्यात आली.

दर रविवारी आंघोळीआधी मी खोबरेल कोमट करून ह्यांच्या पाठीला लावते. आत राहिलेलं लोखंड हळूहळू कातडीकडे सरकत येतं. अंगठा फिरवला की मला कळतं, नवीन टोक कुठं वर आलंय. सुई गॅसवर तापवायची, तुकडा उचकून काढायचा, वर हळद दाबायची. हे तोंडातून आवाज काढत नाहीत. मी विचारते, दुखलं का? हे म्हणतात, नाही. आमची मुलगी असेच रविवार बघत मोठी झाली आणि लग्न होऊन डोंबिवलीला गेली. तुकडे कचऱ्यात टाकायला माझा हात धजेना, म्हणून लग्नातली कुंकवाची डबी रिकामी केली. त्यात ठेवत गेले. ह्यांनी कधी विचारलं नाही, कशाला ठेवतेस. पण एखादा तुकडा निघाला की आपण होऊन तळहात पुढं करायचे, बघायचे, आणि माझ्याकडे परत द्यायचे.

गेल्या वर्षी ह्यांचा डावा पाय बधिर व्हायला लागला. डॉक्टर म्हणाले एमआरआय करा. सेंटरवरच्या मुलीनं विचारलं, अंगात लोखंड-बिखंड काही आहे का काका? हे म्हणाले, आहे. कुठलं? लढाईतलं. ती बिचारी गोंधळली. म्हणाली, मग मशीनमध्ये नाही घेता येणार, ऑपरेशनचे पेपर घेऊन या. पेपर कुठून आणायचे? शेवटी एक्स-रे काढला. पाठीत पांढरे ठिपके, कुणी मुठीनं फेकल्यासारखे. हे ती फिल्म खिडकीच्या उजेडाला धरून बराच वेळ बसून राहिले. मग म्हणाले, "एकदा कुठंतरी लिहिलं गेलं पाहिजे गं. उद्या माझ्या राखेत लोखंड सापडलं तर पोरगी विचारेल, हे कुठून आलं."

एवढ्या संसारात ह्यांनी स्वतःसाठी मागितलेली ही एकच गोष्ट. पेन्शन वाढवून नको होती. या माणसाला लढाईत जखम झाली, एवढी एक ओळ सरकारनं लिहावी असं वाटत होतं. मला तर त्यात काही अवघड आहे असं वाटलंच नाही. जखम आहे, लोखंड आहे, माणूस आहे. आणखी काय लागतं?

तर साहेबांनी एक्स-रेही बघितला. म्हणाले, ह्यात लोखंड दिसतं, लढाई दिसत नाही. आणि मग ह्यांच्याकडे मान वर करून विचारलं, "आता दुखतं का?"

ह्यांनी टाचा जुळवल्या.

"नाही सर."

मी ह्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. सकाळी नाडी बांधता न आलेला माणूस. मला ओरडावंसं वाटलं, अहो, सांगा ना. साहेब म्हणाले, बघा, दुखतही नाही, मग आमचा वेळ कशाला घेता. आणि त्यांनी फायलीच्या कडेनं तुकडे टेबलाच्या काठाकडे लोटले, मी खाली धरलेल्या डबीत पडतील असे. एक तुकडा डबीत न पडता खाली फरशीवर गेला. साहेबांनी प्यूनला हाक मारली, म्हणाले, झाडू मार इथं.

तेव्हा माझा आवाज निघाला.

"झाडू लावायचा नाही," मी म्हणाले. "तुकडा सापडल्याशिवाय मी उठणार नाही."

मी खाली बसले. पण आई बसायची तशी उकिडवी, अंग चोरून बसले नाही. साहेबांच्या केबिनच्या मधोमध चांगली मांडी घातली. प्यून झाडू घेऊन दारातच थांबला. साहेब म्हणाले, बाई, हे ऑफिस आहे. मी म्हटलं, ठाऊक आहे. फरशी ठिपक्याठिपक्यांची, तुकडा काही दिसेना. मग मी हात वर करून टेबलावरची टाचण्यांची डबी उचलली, ती चुंबकाची असते तशी. सगळ्या टाचण्या ओरबाडून साहेबांच्या फायलीवर ओतल्या. आणि चुंबक फरशीवरून फिरवायला लागले. खुर्चीखाली, कपाटाच्या कडेला, साहेबांच्या बुटांपाशी. साहेबांनी पाय मागे घेतले. तिथंच तो टक् करून चिकटला.

मी तुकडा डबीत टाकला, झाकण लावलं, उठले. फार बरं वाटत होतं. वर बघितलं तर हे साहेबांना म्हणत होते, "सॉरी सर." पुन्हा म्हणाले, "सॉरी सर. तिला समजत नाही."

त्या साहेबाच्या बोलण्यानं मला राग आला होता. ह्या बोलण्यानं मी तुटले.

रिक्षात बसलो. मी डबी मांडीत घट्ट धरून बसलेले. खाडीच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये थांबलो तेव्हा हे बाहेर बघत म्हणाले, "लेथचाच असेल गं कदाचित."

मी म्हटलं, अहो, लेथकडे तोंड करून उभे राहायचात ना तुम्ही? चुरा पाठीत कसा जाईल?

"मागच्या मशीनवरनं उडत असेल," हे म्हणाले.

मी रिक्षातच रडले. रिक्षावाला आरशातून बघत होता, बघू दे म्हटलं. ज्या माणसानं पाठीत लोखंड घेऊन स्ट्रेचर दुसऱ्याला दिलं, तो माणूस साहेबाची बाजू माझ्याशी भांडून मांडत होता. शत्रूच्या तोफेला जे जमलं नाही ते एका हसण्याला जमलं. माझा नवरा खचला. मेडल त्यांनी रिक्षातच काढून खिशात टाकलं.

पुढच्या रविवारी मी तेल तापवलं तर हे म्हणाले, राहू दे, मी करतो. मोरीचं दार लावून घेतलं. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. आमच्या कळव्याच्या डोंगरावरच्या खोलीत मोरी ती केवढी, दोघांना कधी दार लावायची गरज पडली नव्हती. मी पोळ्या लाटायला कामावर जायचे, परत यायचे, ह्यांची बनियन धुवायला घ्यायचे. बनियनवर रक्ताचे डाग. मी विचारलं तर म्हणाले, डास चावला असेल. डबी फळीवर तशीच पडून राहिली. मला वाटायचं, हे माणूस म्हणून माझ्यासमोर आहेत, जेवतात, बातम्या बघतात, पण ह्यांच्यातलं काहीतरी त्या टेबलावर राहून गेलंय. आणि ते काही मला चुंबक फिरवून सापडायचं नाही.

आज रविवार. सकाळी मी तेलाची वाटी घेऊन मोरीच्या दाराशी उभी राहिले.

"अहो, दार उघडा."

आतून पाण्याचा आवाज थांबला. मी म्हटलं, उघडत नाही तोवर मी इथंच उभी आहे, माझा हट्ट तुम्ही त्या कचेरीत बघितलाय. बऱ्याच वेळानं कडी निघाली.

हे पाठमोरे बसलेले. उजव्या खांद्याच्या खाली टोक वर आलेलं, भोवती लाल, सुजलेलं. आणि सगळीकडे ओरखडे. नखांचे, सुईचे. स्वतःच काढायला बघत होते. हात मागं वळवून वळवून. पोचत नव्हता तरी.

मी खाली बसले. तेल लावलं. अंगठा त्या टोकावर ठेवला.

"दुखतं का?"

"नाही."

"मी तुमचा साहेब नाही," मी म्हटलं.

माझ्या अंगठ्याखाली पाठ थरथरायला लागली. भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "दुखतं." मग म्हणाले, "तेव्हापासून दुखतं." आणि रडायला लागले. मी ह्यांना रडताना कधी बघितलं नव्हतं. ह्यांची आई गेली तेव्हाही नाही. मी पाठीवर हात ठेवून बसून राहिले. गप्प करायला गेले नाही.

मग मी उठले. सुई तापवायला गॅस पेटवला, आणि लगेच बंद केला. सुई डब्यात ठेवून दिली.

ह्यांनी वळून बघितलं. मी म्हटलं, हा मी काढणार नाही. एक दिवस कळ काढा. हा डबीतून न्यायचा नाही, पाठीसकट न्यायचा. तिथं शर्ट काढावा लागेल. काढाल?

ह्यांनी तांब्याभर पाणी अंगावर घेतलं. तोंड पुसलं.

"काढीन," म्हणाले.

उद्या सोमवार. कचेरी उघडायच्या आधी आम्ही दारात असू. आत गेल्यावर मी खुर्ची ओढून ह्यांना बसवणार, कुणी म्हणायची वाट बघणार नाही. साहेब विचारतील, दुखतं का. हे खरं सांगतील. नाही सांगितलं तर मी सांगेन. उद्या हाकललं तर परवा येऊ. मग ह्यांची पाठ टेबलाकडे वळवून मी म्हणणार आहे, पेन्सिल नको साहेब. बोट लावा. इथं. बोट लावल्याशिवाय मी तुम्हाला उठू देणार नाही. नंतर हात खुशाल चोळा. बाटली मी बरोबर आणली आहे.