घट्ट्याखाली

मी सैनिक नव्हते. शिक्षण चौथी. मिलिटरी हॉस्पिटलात बावीस वर्षं आया होते, सर्जिकल वॉर्डला. ड्यूटी सकाळी सहाला. जवानांचे पाय धुवायचे, ड्रेसिंगला तयार ठेवायचे. बुटांनी पडलेले घट्टे रोज बघितले. पहिल्याच दिवशी सिस्टर म्हणाल्या, "घट्टा दाबून बघ. कडक असेल तर ठीक. खाली मऊ लागला तर डॉक्टरसाहेबांना बोलाव." मला ते ठाऊक होतं. जोखडाने बैलाच्या मानेला घट्टा पडला की माझा बाप रोज तसाच दाबून बघायचा.

आमचे हे पायदळातले निवृत्त हवालदार. २००४ साली आम्ही दोघं मुलाकडे, सतीशकडे, अमेरिकेत नेपरव्हिलला होतो. ह्यांना साखरेचा आजार. तरी पहाटे साडेपाचला बूट चढवून दोन मैल चालायचे. डाव्या तळव्याचा जुना घट्टा दर रविवारी स्वतः ब्लेडने तासायचे. मला हात लावू देत नव्हते. "हा तुझा वॉर्ड नाही," म्हणायचे.

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी नऊ वाजता ह्यांना ओवाळलं. नमस्काराला वाकले. ह्यांच्या पायात मोज्यांचे दोन जोड. वास आला. तो वास मी बावीस वर्षं पुसला होता.

"मोजे काढा."

"थंडी आहे."

"काढा म्हणते ना."

सतीश म्हणाला, "आई, प्लीज. आज पाडवा आहे. नंतर बघू."

"तू गाडी काढ."

मोजे मीच ओढले. घट्टा पिवळा, दगडासारखा. अंगठ्याने दाबला. खाली पोकळ. कडेने पू आला. पाऊल काळंनिळं.

"कधीपासून?"

"दसऱ्यापासून. दुखत नाही."

"आणि बोलला नाहीत?"

"पाय दुखतो म्हणून सिक रिपोर्ट करून दवाखान्यात कामचोर जातात."

"इथे कुठली पलटण आहे तुमची?"



दहाला इमर्जन्सीत पोचलो. डॉक्टर बोलला ते सतीशने मराठीत सांगितलं. साखरेने पायाची जाणीव गेली होती. घट्टा खड्यासारखा आत रुतत राहिला, खाली जखम सडली. संध्याकाळी गुडघ्याखाली पाय कापला. विष रक्तात भिनलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला गेले.

भेटायला आलेले म्हणाले, "काकू, काय शूर माणूस! हूं की चूं केलं नाही." मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. हूं केलं असतं तर जगले असते. आणि मी? परक्यांचे पाय रोज दाबले, घरचे दोन सोडले. ह्यांनी हुकूम दिला, मी ऐकला.

नवऱ्याचं नाव मी कधी घेतलं नाही. इथे लिहिते. हवालदार दत्तू जाधव. अंत्यविधीआधी मयत ठेवतात त्या फ्युनरल होममध्ये त्यांच्या उजव्या पायाचा घट्टा मी दाबून बघितला. कडक होता. ठीक होता.