सुकलालमामाच्या टाकीतला मेलेला कोपरा

माझा सुकलालमामा सुरतेत पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कापड रंगवतो आणि हिलालकाकांवर जळतो. पहिल्या कामाला आठवड्याची सुट्टी असते.

हिलालकाका चाळीत आमच्या समोर राहतात. लूमच्या खडखडाटात काम, त्यामुळे घरातही ते गच्चीवरून हाक मारल्यासारखे बोलतात. गेल्या दिवाळीत त्यांनी माशांची काचेची टाकी आणली आणि संध्याकाळी सगळी चाळ त्यांच्या दारात जमू लागली. तारामामीसुद्धा तांदूळ निवडायला तिकडेच. मामाने महिन्याभरात त्यांच्यापेक्षा वीतभर लांब टाकी आणली, आत चिनीमातीचा महाल ठेवला. पण त्याचे चारही गोल्डफिश सारखे वर येऊन तोंडाची उघडझाप करायचे. मामी हिलालकाकांच्या उंबऱ्यावर बसून अहिराणीत सांगायची, "आमना घर मासा नही, पेशंट शेत."

एकदा हिलालकाका बघायला आले. वाकले, उगाच काचेवर टिचकी मारली आणि चाळभर ऐकू जाईल असं म्हणाले, "भाऊ, तुना पानीले झोप लागी गयी."

मामा दोन दिवस भाकरीबरोबर हेच वाक्य चावत होता. पण हिलालला विचारीन तर नावाचा सुकलाल नाही, असं त्याने मामीला बजावलं. हवेचा दुसरा पंप आणला आणि त्याची नळीही मध्येच, महालासमोर सोडली. बुडबुडे दुप्पट झाले. मासे वरच.

रविवारी त्याला मिल आठवली. हौदात पाणी कुठे अडतं ते बघायला तिथे किंचित रंग सोडतात. रंग जिथे थांबेल तिथलं पाणी मेलेलं. मामाने शर्टाच्या खिशातून पुडी काढली. मी म्हटलं, मामा, आत मासे आहेत. तो म्हणाला, नखभरच टाकतो. पण मिलमधलं नखभर हजार लिटरच्या हौदासाठी असतं. लाल धागा बुडबुड्यांबरोबर वर गेला, पुढून फिरला आणि महालामागच्या कोपऱ्यात जाऊन बसला, तो हलेचना.

"देख, हाऊ मरेल कोपरा!" मामा खूश. तेवढ्यात सगळी टाकी गुलाबी झाली.

नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवल्याशिवाय माशांना चालत नाही. मुरलेलं पाणी चाळीत एकाच घरी होतं. मामा मासे डब्यात घेऊन समोरच्या दारात उभा राहिला आणि स्वतःच्या चपलांकडे बघत म्हणाला, "हिलालभाऊ, ह्या चार जनसले एक दिन ठेई ले."

काकांनी ठेवले, चाळीला ओरडून सांगत ठेवले. मामा मात्र त्यांच्या टाकीकडे बघत होता. नळी मागच्या कोपऱ्यात. पाणी तिथे वर चढायचं, दुसऱ्या टोकापर्यंत जायचं, खाली उतरून परत यायचं. वाटेत काहीच नाही.

घरी येऊन मामाने टाकी धुतली, महाल खिडकीत ठेवला, दोन्ही नळ्या एका कोपऱ्यात नेल्या. दुसऱ्या दिवशी मुरलेल्या पाण्यात मामीच्या तांदळाचा कोंडा टाकला. कोंडा टाकीभर फिरून आला. मासे परत आणले, ते तळाशी जाऊन खडे हुंगू लागले. मामी आता घरीच तांदूळ निवडते.

परवा हिलालकाका आले, आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात. त्यांच्या टाकीतही मेलेला कोपरा असेल का, मामाने एकदा बघावं, असं म्हणत होते. मामाने बशीतला चहा सावकाश संपवला.

"तुनं पानी ते जागंच शे ना, भाऊ?"

काका गेले नाहीत. मग मामा त्यांच्याबरोबर समोर गेला; उंबऱ्यावरच त्याचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला, तसे काका आपलं दार अडवून उभे राहिले. खिशातून कोंडाच निघाला.